वडिलांचे गाणे आणि मुलांचे कान

मुलगा बापाच्या भाषेची थट्टा करतो, त्याच्या जुन्या कोटाची करतो, घरगुती औषधांवरील त्याच्या विश्वासाचीही करतो. परंतु या सर्वांहून निर्दय थट्टा तो बापाच्या आवडत्या गाण्याची करतो. कारण शोधू जाता असे दिसते की, बाकीच्या गोष्टींचे समर्थन करावयास बापाजवळ व्यवहाराचा काही ना काही आधार असतो. कोट थंडीत उपयोगी पडतो, काढ्याने खोकला थांबतो. गाण्याला असा कोणताच साक्षीदार नसतो. ‘मला ते आवडते’ यापलीकडे उत्तर नाही. आणि ज्या वयात मुलगा हा प्रश्न विचारतो त्या वयात हे उत्तर त्याला फक्त स्वतःच्या बाबतीत पुरेसे वाटत असते. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी, बाप भिंतीवरच्या तसबिरीत गेल्यावर, तोच मुलगा तेच गाणे ऐकून डोळे पुसतो. या दोन्ही वेळी त्याने गाणे ऐकलेले असतेच असे मात्र नव्हे.

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात, लवळे म्हणून गाव आहे. त्याच्या डोंगरावर सिंबायोसिस विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे, आणि त्याच गावच्या हद्दीत फ्लेम विद्यापीठही आहे. देशाच्या नाना भागांतील मुले-मुली तेथील वसतिगृहांत राहून शिकतात. या पिढीच्या कानांत इयरफोन आणि खिशात साऱ्या जगाचे संगीत असते. शेजारच्या खाटेवरचा मित्र या घटकेस काय ऐकत आहे हे जेथे कळत नाही, तेथे घरी आई स्वयंपाक करताना काय गुणगुणत असे याची आठवण कोणाला राहावी? आणि आईच्याही कानांत आता तेच यंत्र असते. डोंगर उतरून मुळशी-मावळातील कोणत्याही गावी भजनाच्या वेळी गेल्यास निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. सहा वर्षांचा पोर बापाच्या शेजारी टाळ घेऊन उभा असतो. बापाचे गाणे आपणांस आवडते किंवा नाही हा प्रश्न त्याच्यापुढे कोणी ठेवलेलाच नसतो. मोठा झाल्यावर तो अभंगाला चित्रपटाची चाल लावतो, आणि म्हातारे कुरकुरतात. पण कुरकुरतात तेही हातातील टाळ खाली न ठेवता.

या म्हाताऱ्यांचे आणि त्या पोराचे भांडण आम्हांस मोलाचे वाटते. वरच्या डोंगरावर, आणि आपणा शहरवासीयांच्या घरोघर, ते भांडणच उरलेले नाही, याची आम्हांस खरी काळजी वाटते. आमचे म्हणणे असे आहे की, आईबापांच्या संगीताशी मनापासून कलह केल्यावाचून ते संगीत मुलांचे होत नाही. महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांच्या संगीताचा इतिहास पाहिला तर या विधानास पुष्कळ पुरावा मिळतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले. त्यातील साक्या, दिंड्या आणि लहान लहान पदे कथानकाला पुढे रेटणारी होती. नट गाता गाता गोष्ट सांगत असे. पुढे १९११ साली ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ साली ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी दिल्या, आणि मैफलीतील बंदिशी पाऊल न वाजविता रंगभूमीवर येऊन बसल्या. ज्यांचे कान साकी-दिंडीवर तयार झाले होते त्यांना हे पद सुरू होताच नाटक थांबले असे वाटावे, हे स्वाभाविकच होते. त्यांच्या मुलांना मात्र ते थांबणेच हवे होते. वन्समोअरवर वन्समोअर देऊन त्यांनी रात्रीची पहाट केली. नंतर १९३३ साली नाट्यमन्वंतर मंडळी ‘आंधळ्यांची शाळा’ घेऊन आली. त्यात गाणी मोजकी होती, आणि या खेपेस नातवंडे म्हणू लागली की, पदांमुळे नाटक थांबते. आजोबा आणि नातू यांचे एकमत व्हावे आणि मधला बाप एकटा पडावा, अशी ही मौज आहे. अभिरुचीच्या इतिहासात ती वारंवार घडते, आणि म्हणूनच ‘जुनी आवड’ व ‘नवी आवड’ या शब्दांवर आमचा फारसा विश्वास नाही.

या भांडणात एक तिसरा पक्ष असतो व त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे यंत्र. बालगंधर्वांचे पद रंगभूमीवर जितके रंगेल तितके लांबत असे. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर मात्र साधारण तीन मिनिटांची जागा असे. त्या तीन मिनिटांत पद सुरू करावयाचे, एखाददुसरी जागा दाखवावयाची आणि सुई शेवटाला पोहोचण्यापूर्वी आटोपावयाचे. ज्या बापाने ते पद नाट्यगृहात ऐकले होते, तो तबकडी लावून बसला म्हणजे तबकडीवर नसलेलेच पुष्कळ ऐकत असे. पेट्रोमॅक्सचा उजेड, ऑर्गनचा भरणा, शालूचा झोक, समेवर आलेली सभागृहाची दाद, हे सारे त्याच्या कानांत आपोआप भरून येई. मुलाला यांतील काहीच ऐकू येत नसे. त्याला ऐकू येई ती खरखर, थोडी घाई, आणि स्त्रीवेषातील पुरुषाचा आवाज. एकाच खोलीत, एकाच तबकडीपुढे बसलेले हे दोघे दोन निराळी गाणी ऐकत होते. मुलगा हसला की बाप म्हणे, ‘याला कान नाहीत’. बापाचे डोळे मिटले की मुलगा म्हणे, ‘यांना वेड लागले आहे’. वस्तुतः दोघेही आपापल्या परीने ठीक ऐकत होते. बापाने आपल्या कानांत भरून आलेले ते जास्तीचे गाणे मुलाला सांगितले नाही, एवढाच त्याचा अपराध. पण ते सांगावयाचे कसे? रेडिओवर रात्री उशिरा चित्रपटगीते ऐकून मोठे झालेल्या पुढच्या बापांनाही ते आपल्या मुलांना सांगता आलेले नाही.

घरच्या बंदीतून काय निपजते याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या घरी चित्रपटसंगीताला मज्जाव होता. त्यांतून सूट होती ती फक्त कुंदनलाल सैगलांच्या गाण्यांना, असे लताबाईंनी सांगितले आहे. १९४२ साली ‘किती हसाल’ या चित्रपटासाठी लताबाईंनी पहिले गाणे गायिले. वडिलांना ते पसंत पडले नाही आणि ते चित्रपटात राहिले नाही. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये दीनानाथ गेले, आणि घर चालविण्यासाठी मुलीला नेमके तेच क्षेत्र पत्करावे लागले. पुढे स्वतःच्या कमाईने त्यांनी रेडिओ विकत आणला, तो लावताच कानी आली ती सैगल गेल्याची बातमी, आणि रेडिओ परत केला, अशीही हकीकत सांगतात. ही जानेवारी १९४७ची गोष्ट. बापाने घातलेल्या कुंपणाला जी एकच फट ठेवली होती त्या फटीतून मुलीने सगळे आकाश पाहिले, असे आम्हांस ही हकीकत वाचताना वाटते. दीनानाथांचा आक्रमक, चपळ, क्षणात तारसप्तकात झेपावणारा गळा आणि लताबाईंचा नितळ, नेमका सूर यांत वरवर पाहता साम्य नाही. परंतु सुराशी तडजोड न करण्याचा हट्ट दोघांचाही एकच. ज्या गोष्टीला बापाने नकार दिला तीत मुलीने बापाचाच हट्ट नेऊन रुजविला.

बापाची भूमिका एकदा सरकारनेही वठवून पाहिली. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणीमंत्री होते. गृहस्थ व्यासंगी, शास्त्रोक्त संगीताचे कळकळीचे अभिमानी. आणि चित्रपटगीतांनी देशाचे कान बिघडत आहेत अशी त्यांची प्रामाणिक समजूत. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम असा झाला की, त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेकडे घरोघरची मुले वळली आणि अमीन सयानी यांचा आवाज त्यांना कुटुंबातील माणसासारखा ओळखीचा झाला. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. केसकरांच्या धोरणाने नुसती हानीच झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५५च्या रामनवमीस पुणे केंद्रावरून सुरू होऊन वर्षभर चाललेले माडगूळकर-फडके यांचे ‘गीतरामायण’ ज्या हवेत जन्मास आले ती हवा काही अंशी त्या धोरणानेच तयार केली होती, आणि तेथे बाप व मुलगा एकाच रेडिओपुढे बसत. पण केसकरांनी आवडीचा प्रश्न परवान्याने सोडवू पाहिला, हे त्यांचे चुकलेच. कोणत्या घरात हे घडत नाही? फरक इतकाच की, घरातल्या केसकरांना पाच वर्षांनी माघार घेण्याचे शहाणपण सुचत नाही.

मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर या मायलेकींचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. मोगूबाई (१९०४–२००१) या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. जयपूर-अत्रौली घराण्याची शिस्त, लयीचा अवघड हिशेब आणि बंदिशीची अखंड बांधणी त्यांनी फार कष्टांनी मिळविली होती. मुलीला त्यांनी ती कठोरपणे शिकविली. परंतु त्याच मातेने मुलीला अंजनीबाई मालपेकरांसारख्या अन्य परंपरेतील गुरूंकडेही शिकू दिले, हे विसरता कामा नये. १९६४ साली ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी किशोरीताई गायिल्या तेव्हा मात्र मातोश्रींची नाराजी ओढवली. चित्रपटाचा तो नाद लवकरच मागे पडला. खरा कलह पुढेच झाला आणि तो मैफलीत झाला. जेथे आईचे गाणे लयीच्या पायऱ्यांनी चढत असे तेथे मुलगी स्वरावर थांबू लागली. आलाप लांबला, बंदिशीचा पेच सैल झाला, रागाचा भाव हा गाण्याचा मुख्य विषय झाला. ‘हे जयपूरचे गाणे नव्हे’ अशी टीका झाली. आमच्या मते ही टीका अक्षरशः खरी आणि अर्थाने खोटी आहे. आईचे गाणे ज्या मुलीला अक्षरशः पाठ होते तिलाच ते कोठे मोडावयाचे हे कळणार होते. घरी नुसती रेकॉर्ड वाजत असती तर हा विद्रोह संभवताच ना. तथापि किशोरीताईंच्या अनुकरणाने पुढे जे विलंबित, अश्रुपूर्ण गाणे बोकाळले ते ऐकताना मोगूबाईंच्या कोरड्या, चोख लयीची आठवण होते, हेही येथे नमूद करणे भाग आहे. अनुकरण करणाऱ्यांनी मुलीचे गाणे घेतले. तिने आईशी केलेले भांडण त्यांना घेता आले नाही.

आता आमच्या मनातील मुख्य उदाहरणाकडे वळू. बालगंधर्वांचा जन्म १८८८चा, कुमार गंधर्वांचा १९२४चा. म्हणजे दोघांत बाप-लेकाइतकेच अंतर. कुमार हे बालपणी थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत आणि त्या आश्चर्यापोटीच त्यांची कीर्ती झाली, हे प्रसिद्ध आहे. वडीलधाऱ्यांना असा मुलगा फार आवडतो. आपलेच गाणे लहान तोंडातून परत येताना ऐकणे यासारखे सुख नाही. आणि अशा मुलाचे पुढे बहुधा काही होत नाही, कारण टाळ्या मिळविण्यास नक्कल पुरेशी असते हे त्याला फार लवकर कळलेले असते. कुमारांचे तसे झाले नाही. देवधर मास्तरांकडे शिक्षण झाले, क्षयाने गाठले, १९४८ साली ते माळव्यात देवासला गेले आणि कित्येक वर्षे गाणे बंद राहिले. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. त्या सक्तीच्या मौनानंतर जो गायक उठला त्याने काही काळाने ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाचा कार्यक्रम केला.

या नावातील ‘उमजलेले’ हा शब्द आम्हांस सगळ्या कार्यक्रमाइतका महत्त्वाचा वाटतो. बालगंधर्व मला आवडतात, मला पूज्य आहेत, मला आठवतात, यांपैकी काहीही म्हणता आले असते आणि श्रोते तितक्याच संख्येने आले असते. कुमारांनी समजण्यावर बोट ठेवले, आणि ‘मला’ म्हणून त्या समजण्याची जबाबदारीही स्वतःवर घेतली. गायनातही तेच. तो गळा गंधर्वांचा नव्हे. फुप्फुसाच्या दुखण्याने श्वास आखूड झालेल्या कुमारांना गंधर्वांची लांब, संथ, रेशमी ओळ पेलण्याजोगी नव्हती. मग त्यांनी ती ओळ जेथे वळते तेवढे वळण उचलले. गंधर्व शब्द कसा टाकतात, लयीशी किती लाडीगोडीने वागतात, तान घेऊनही पदाचा चेहरा कसा मोडू देत नाहीत, हे कुमार वेगळे काढून दाखवितात. दाखविताना मध्येच स्वतःच्या मार्गाने दोन पावले जातात आणि परत येतात. गंधर्वांच्या पिढीतील कित्येक भक्तांना हे रुचले नसेल. त्यांना हवी होती ती मूर्ती, आणि येथे तर मूर्तीची घडण उलगडून दाखविली जात होती. परंतु ज्या मुलांना बापाच्या तबकडीत खरखरीपलीकडे काही ऐकू आले नव्हते त्यांना बाप डोळे का मिटून घेतो याचा अर्थ प्रथमच कळला असला पाहिजे. तबकडीत न मावलेले गाणे सांगावयाचे कसे, हा जो प्रश्न आम्ही वर सोडून दिला होता, त्याचे उत्तर कुमारांनी गाऊन दिले.

येथवर आम्ही ज्यांची नावे घेतली ती सारी आपल्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातील आहेत. पण मराठी घर म्हणजे नाट्यसंगीताचेच घर नव्हे. प्रल्हाद शिंदे (निधन २००४) यांची भक्तिगीते, भीमगीते व कव्वाल्या, त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांची कॅसेटच्या काळातील लोकगीते, आणि नातू आदर्श यांचे चित्रपटगायन ही तीन पिढ्यांची सरळ ओळ आहे. यांत बापाला हसणे नाही आणि बापाची आरती ओवाळणेही नाही. ठसठशीत आवाजाचा वारसा घेऊन प्रत्येकाने आपल्या काळाचे गाणे गायिले. आमच्या घरांतून या गाण्यांना नाके मुरडली जात, आणि आमचीच मुले गणपतीच्या मिरवणुकीत त्यांवर नाचत. त्या मुलांनी घरी येऊन याविषयी वडिलांशी कधी वाद घातला असता तर दोघांचेही कान सुधारले असते.

अलीकडच्या काळात मुलांनी वडिलांच्या गाण्याकडे पाहिले ते मुख्यतः चित्रपटांतून. ‘बालगंधर्व’ (२०११), ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) आणि ‘मी वसंतराव’ (२०२२) हे तीन चित्रपट पाहावयास घरेच्या घरे लोटली. तिन्हींतील गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पहिल्यातील आनंद भाटे यांचे गायन अत्यंत सुरेल आहे, पण चित्रपट स्वतः हात जोडून उभा आहे. गंधर्वांचे वैभव, कर्ज आणि करुण अखेर आपण पाहतो. त्यांचे गाणे तेवढे थोर का, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. ‘कट्यारी’चे मूळ नाटक १९६७चे, दारव्हेकरांचे, त्याला अभिषेकीबुवांचे संगीत. गुरूने शिकविण्यास नकार दिलेला तरुण त्याच्या घरी नोकर बनून चोरून ऐकतो आणि ऐकून शिकतो, हे त्याचे कथाबीज आमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातील आहे. चित्रपटात अभिषेकीबुवांच्या चालींशेजारी शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली बसविल्या आहेत. बापाची आणि मुलाची गाणी अशी शेजारी शेजारी ठेवण्याचे धाडस चांगले. परंतु दोघांत वाद होऊ दिलेला नाही. जुनी पदे आखडली आहेत, नवी भव्य झाली आहेत, आणि दोघांनाही सारखीच झळाळी दिली आहे.

तिसरा चित्रपट मात्र आम्हांस निराळा वाटला. वसंतराव देशपांडे १९८३ साली गेले तेव्हा नातू राहुल पुरते चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे आजोबांचे गाणे त्यांना मिळाले ते मुख्यत्वे ध्वनिफितींवरून, आपणा सर्वांना मिळते तसेच. तोच नातू येथे आजोबांची भूमिका करतो व गातो. पूजेला याहून सोयीची संधी कोणती? परंतु चित्रपटाने वसंतरावांचा चाचपडण्याचा काळ वगळलेला नाही. नागपुरास सप्रे गुरुजी, लाहोरास असद अली खाँ, पुण्यास सुरेशबाबू माने, असे दहा ठिकाणचे घेतलेला, म्हणून कोणत्याच घराण्याचा नसलेला, लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणारा आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘कट्यारी’तील खाँसाहेबांच्या भूमिकेने खरी कीर्ती पावलेला हा गवई नातवाने त्याच्या अडखळण्यासकट उभा केला आहे. काही ठिकाणी नातवाचा गळा आजोबांहून गोड लागतो, आणि तेथे तेथे वसंतरावांचा तो बंडखोर, किंचित खरबरीत धक्का हरवतो. इतर ठिकाणी, विशेषतः जेथे गाणे फसत असल्याचे दाखवावयाचे आहे तेथे, राहुल यांनी फार प्रामाणिकपणे गायिले आहे. उत्तम गायकाला वाईट गाऊन दाखविणे किती कठीण जाते हे जाणकारांस ठाऊकच आहे. अनिता दाते यांनी रंगविलेली आई या सगळ्या गाण्याइतकीच लक्षात राहते. चित्रपटाची लांबी थोडी कमी करता आली असती. पण ती करताना तरुण वसंतराव आणि दीनानाथ यांच्या भेटीला कोणी कात्री लावली असती तर आमची तक्रार असती, उलट तो भाग आणखी थोडा चालला असता तर आम्हांस अधिक आवडले असते.